खाडी आणि घाट यांच्यामधली पाली

पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, रशियातल्या त्वेर शहरचा अफानासी निकितीन नावाचा एक व्यापारी होर्मुझहून जहाजात बसला आणि आपल्या चौल बंदरात उतरला. बरोबर विकायला एक उमदा घोडा होता. घोड्याला खरी किंमत घाटावरच्या सुलतानी छावण्यांत आणि दरबारांत मिळे, म्हणून चौलहून तो जुन्नरकडे निघाला. पुढे जुन्नरच्या असदखानाने तो घोडा हिसकावला, धर्म बदलला तर घोडा परत देऊ म्हणून अडवले, आणि एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने निकितीन सुटला. ही हकिकत त्याच्या प्रवासवर्णनात आहे. त्याच वर्णनात, वाटेतल्या मुक्कामांच्या ओघात, चौलनंतरचे पहिले नाव येते ते पालीचे. चौलहून जमिनीवरून आठ दिवसांनी आपण पालीला, हिंदुस्थानच्या डोंगरांपाशी पोहोचलो, अशी नोंद तो करतो.

चौल ते पाली हे अंतर आजच्या रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटरच आहे. त्याला आठ दिवस म्हणजे फार झाले. पण निकितीन टपाल घेऊन चाललेला नव्हता. तांड्याच्या चालीने जायचे, खाड्या ओलांडताना भरती-ओहोटी पाहायची, घोड्याची दाणावैरण सांभाळायची, बाजार लागेल तिथे थांबायचे, असा तो प्रवास. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याने दिलेला पत्ता. देवळाचा, गडाचा, कुठल्या राजाचा उल्लेख न करता त्याने पाली ओळखली ती डोंगराच्या पायथ्याचे ठिकाण म्हणून.

आज पाली म्हटले की अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर. सकाळी बस येते, दर्शन होते, पोह्याचे पापड घेतले जातात आणि दुपारी बस महडच्या रस्त्याला लागते. या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. परंतु रायगड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाभोवती पंधरा किलोमीटरच्या आत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, दोन बळकट गड आहेत, मोगल शाहजाद्याने जिथे तळ दिला ते गाव आहे, आणि जमिनीतून उकळते वाटावे इतके गरम पाणी येते ती कुंडेही आहेत. इतके सगळे एका जागी योगायोगाने जमत नाही. त्याचे कारण भूगोलात आहे. ते एकदा समजले की पालीचा सगळा इतिहास एका सूत्रात ओवता येतो.

अंबेची पट्टी

पालीतून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची भिंत दिसते. गाव स्वतः समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहूनही कमी उंचीवर आहे. सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत घाटमाथा येतो आणि त्यावर तैलबैलाच्या दोन जुळ्या भिंती हजार मीटरच्या उंचीवर उभ्या दिसतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यांत काही थर घट्ट, कठीण. काही सच्छिद्र, ठिसूळ. कठीण थरांचे कडे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या. या भागातला प्रत्येक गड, प्रत्येक लेणे आणि प्रत्येक घाटवाट या चढउतारावर बेतलेली आहे.

पश्चिमेकडे छोट्या टेकड्यांची रांग, पूर्वेला सह्याद्री, आणि दोहोंच्या मध्ये अंबा नदी. खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावून अंबा दक्षिणेकडे वळते, जांभूळपाड्यावरून पालीच्या बाजूने वाहत जाते आणि मग नागोठण्याकडे वळून धरमतरच्या खाडीत मिसळते. कोकणातल्या बहुतेक नद्या डोंगरातून निघून थोडक्यात समुद्र गाठतात. अंबा मात्र बरेच अंतर सह्याद्रीला समांतर वाहते. त्यामुळे खोपोलीपासून वाकणपर्यंत, डोंगराच्या पायाशी, एक लांबट सपाट पट्टी तयार झाली आहे. आजचा खोपोली–पाली–वाकण रस्ता याच पट्टीतून जातो. पूर्वीही वाट इथूनच जात असणार, कारण दुसरीकडे सपाटीच नाही.

आता या पट्टीवर दोन बाजूंनी काय येऊन मिळते ते पाहा. पश्चिमेकडून खाडी. नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी चढते, आणि भरतीबरोबर गलबते व पडाव तिथवर येत. पूर्वेकडून घाटवाटा. सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट, नाणदांड, भोरप्याची नाळ आणि उत्तरेला कुरवंड्याची उतरण, अशा कितीतरी वाटा मावळातून या पट्टीत उतरतात. खालून वर मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी जाई. वरून खाली धान्य, गूळ, तूप येई. बैलाच्या पाठीवर गोणी लादून आलेला माणूस चढ सुरू होण्याआधी कुठेतरी थांबणारच. जनावराला पाणी, माणसाला पेज, गोणी पुन्हा बांधायला आडोसा आणि सकाळच्या गारव्यात घाट धरायचा, यासाठी पायथ्याला मुक्काम हवा. पाली हा तो मुक्काम.

नागोठण्याजवळ अंबेवर एक जुना दगडी पूल आहे. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने तो बांधला. निजामशाहीतल्या बंदरातल्या माणसाने आपल्या बंदरापासून इतक्या दूर, नदीवर दगडी कमानींचा पूल घालावा, यावरून चौलचा व्यापार या रस्त्यावर किती अवलंबून होता ते कळते. पूल अरुंद आहे. गाड्यांसाठी तो नव्हताच. लादलेल्या जनावरांच्या रांगेसाठी तो होता.

ठाणाळे, खडसांबळे, गोमाशी

चौलचे नाव ग्रीक-रोमन लेखकांना ठाऊक होते. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ असे येते, कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुला’ असे. सातवाहनांच्या काळात या बंदरातून निघालेला माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेर अशा नगरांकडे जाई. घाट चढल्यावर लगेच भाजे, बेडसे, कार्ले ही लेणी लागतात हे सर्वांना माहीत आहे. घाट चढण्यापूर्वीही लेणी लागतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

पालीच्या पूर्वेला नाडसूरच्या पुढे ठाणाळे गाव आहे. तिथून जंगलातून वर चढले की सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कड्याच्या मध्यावर, २३ लेण्यांचा समूह दिसतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पुढे काही शतके इथे भिक्षूंची वस्ती होती. एक चैत्यगृह, बाकी बहुतेक विहार, एका ठिकाणी दाटीवाटीने कोरलेले छोटे स्मारकस्तूप, खडकात खोदलेली पाण्याची पोढी आणि एका विहारात छतापर्यंत गेलेले कोरीव काम. वर गेलेली वाट वाघजाईच्या घाटाने तैलबैल्यापाशी पठारावर निघते. लेणी वाटेवर आहेत. वाट लेण्यांमुळे झालेली नाही.

दक्षिणेला नेणवलीजवळ खडसांबळ्याची लेणी आहेत. संख्येने ती ठाणाळ्याहून जास्त, ३७ मोजली गेली आहेत. तिथला मोठा सभामंडप आणि त्याच्या भिंतींत कोरलेल्या खोल्या पाहिल्या की एकेकाळी इथे किती मोठा संघ वर्षावासाला राहत असेल याचा अंदाज येतो. इथला खडक मात्र कच्चा आहे. दर्शनी भाग कोसळले आहेत, खांब गेले आहेत, पावसाळ्यात माती आत येते. तिसरे ठिकाण गोमाशीचे. तिथे एकाच लेण्यात बुद्धाची बैठी मूर्ती आहे, आणि गावकरी तिला भृगुऋषी म्हणून पूजतात. बौद्ध संघ गेला, त्याची आठवणही पुसली, पण गावाने मूर्तीची पूजा सोडली नाही. त्या भक्तीमुळे मूर्ती टिकली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि ज्याने ती प्रसिद्धीस आणली त्याचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट यांनी भोर संस्थानातल्या नाडसूर आणि नेणवलीच्या लेण्यांवर १८९१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त लेख लिहिला. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने या लेण्यांचे सविस्तर वर्णन पुस्तकरूपाने छापले. अॅबट यांनी पुढे आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई आणि महिपती यांचे साहित्य इंग्रजीत नेण्यात घालवली. संतांचा हा अनुवादक सुधागडच्या रानात लेणी हुडकत फिरला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती.

भिक्षूंनी ही जागा का निवडली? एक उत्तर धर्माचे: गावाच्या गलबल्यापासून दूर, पण भिक्षेला उतरता येईल इतके जवळ. दुसरे उत्तर खडकाचे: कठीण थराखाली जिथे मऊ थर लागतो तिथे खोदणे सोपे आणि पाण्याचा पाझरही तिथेच. तिसरे उत्तर वाटेचे: व्यापारी, गवळी, शेतकरी, कारागीर यांच्या दानावर संघ जगे, आणि दान देणारा माणूस वाटेवरूनच जाई. ही तिन्ही उत्तरे जिथे एकत्र येतात, तिथेच लेणी आहेत.

दोन गड, दोन कामे

पालीच्या डोक्यावर सरसगड आहे. चार बुरुजांसारखे सुळके आणि मधला उंच बालेकिल्ला यांमुळे दुरून तो पगडीसारखा दिसतो, म्हणून त्याला पगडीचा किल्ला म्हणतात. गडावर जाताना खडकात खोदलेल्या उंच उंच पायऱ्या चढाव्या लागतात. त्या चढताना पायात गोळे येतात आणि दम लागतो, आणि तेच त्यांचे प्रयोजन होते. हत्यार घेऊन चढणारा शत्रू वर पोहोचेपर्यंत अर्धा दमलेला असे. बालेकिल्ल्यावर केदारेश्वराचे देऊळ आहे आणि शहापीराचा दर्गाही आहे. खडकात खोदलेली पाण्याची टाकी उन्हाळ्यातही पाणी धरतात.

सरसगड उंच नाही, पण जागा नेमकी आहे. त्याच्या माथ्यावरून अंबेची सगळी पट्टी दिसते: एका बाजूला नागोठण्याकडची वाट, दुसऱ्या बाजूला जांभूळपाड्याकडची, पूर्वेला घाटांची तोंडे. टेहळणी हे त्याचे काम. शिवाजी महाराजांनी हा गड घेतल्यावर त्याच्या डागडुजीसाठी रक्कम मंजूर केली, असे सांगितले जाते. पालीचा बाजार आणि जकातीची वाट ज्याच्या हाती ठेवायची त्याला हा गड हवाच होता.

पूर्वेला सुमारे दहा-बारा किलोमीटरवर सुधागड आहे. त्याचे काम वेगळे. सहाशे मीटरच्या वर उंची, माथ्यावर विस्तीर्ण पठार, तळी, देवळे, वाडा. जुने नाव भोरपगड, गडावरच्या भोराई देवीवरून आलेले. १६५७ मध्ये महाराजांच्या माणसांनी साखरदऱ्यात माळ लावून, म्हणजे दोराची शिडी सोडून, गड घेतला. तेव्हापासून तो सुधागड. राजधानीसाठी महाराजांच्या मनात हाही गड होता, असे परंपरा सांगते. त्याचा महादरवाजा पाहिला की रायगडाच्या महादरवाजाची आठवण होते: दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला, समोर येईपर्यंत न दिसणारा. सरसगड वाटेवर नजर ठेवी. सुधागड सैन्य, खजिना आणि कारभार सांभाळू शके.

या भूगोलाचा शिवाजी महाराजांनी केलेला सर्वांत धारदार उपयोग मात्र गडावर झाला नाही. तो अंबेच्या वरच्या खोऱ्यात, चावणीजवळच्या उंबरखिंडीत झाला. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात यायला निघाला. त्याची फौज दाट झाडीच्या अरुंद दरीत पूर्ण शिरेपर्यंत मराठ्यांनी वाट पाहिली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी पुढची आणि मागची तोंडे बंद झाली. पाणी नाही, पळायला जागा नाही, घोडा फिरवायला मोकळीक नाही. खानाबरोबर आलेल्या रायबागन या वऱ्हाडच्या लढवय्या बाईने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खंडणी देऊन, सामान टाकून फौज परत गेली. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन केले आहे. मूठभर मावळ्यांनी ही लढाई जिंकली असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या शौर्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती: दरीत कुठे पाणी आहे, कुठे वाट दोन माणसांपुरती होते, आणि कुठल्या झाडीतून आवाज न करता उतरता येते, हे पायांना माहीत असलेले ज्ञान.

शाहजादा सुधागडच्या पायथ्याशी

सुधागडच्या पायथ्याला पाच्छापूर आहे. हे पातशहापूर. जानेवारी १६८१ मध्ये औरंगजेबाचा चौथा मुलगा, शाहजादा अकबर, याने राजस्थानात बापाविरुद्ध बंड केले, स्वतःला बादशहा म्हणवले, आणि बापाच्या एका कावेबाज पत्राने त्याचे राजपूत साथीदार बिथरताच सगळे गमावले. दुर्गादास राठोड त्याला घेऊन दक्षिणेत निघाला. त्या उन्हाळ्याच्या शेवटी शाहजादा कोकणात पोहोचला. संभाजी महाराजांनी त्याला ठेवले ते धोंडसे–पाच्छापूरच्या परिसरात.

जागेची निवड विचार करून केलेली दिसते. रायगडापासून ती फार दूर नाही, पण राजधानीत पाहुण्याचा शिरकावही होत नाही. वर सुधागडचा पहारा, पश्चिमेला खाडीमार्गे समुद्राकडे जायची सोय, पूर्वेला घाट चढून मोगलांच्या मुलखात उतरायची सोय. बंडखोर बादशहाचा मान राखायचा आणि त्याच्यावर लक्षही ठेवायचे, यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याला याहून चांगली जागा सापडली नसती.

याच मुक्कामाभोवती मराठी राज्यातले एक दुःखद प्रकरण घडले. अण्णाजी दत्तो आणि त्यांच्या साथीदारांनी संभाजी महाराजांविरुद्ध कट केला आणि त्यासाठी शाहजाद्याशी संधान बांधायचा प्रयत्न केला. अकबराने ती गोष्ट महाराजांना कळवली. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद यांना १६८१ मध्येच देहदंड झाला. शिवकाळात राज्य उभे करणाऱ्या हातांचा शेवट असा झाला, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे संभाजी महाराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या सेवेत निष्ठेने राहिला, यात त्या काळच्या माणसांची उंची दिसते.

१३ नोव्हेंबर १६८१ रोजी संभाजी महाराज पातशहापुरास येऊन शाहजाद्याला भेटले. त्याच महिन्यात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरास पोहोचला. दख्खनच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या युद्धाचे एक निमित्त सुधागडच्या पायथ्याशी तंबूत बसलेले होते. अकबराच्या आशा फळल्या नाहीत. १६८७ च्या सुरुवातीस तो राजापूरहून जहाजाने इराणकडे निघून गेला आणि बापाच्या आधीच परदेशात वारला. गावाच्या नावात त्याचा मुक्काम राहिला आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा आणि वसईची घंटा

बल्लाळेश्वराची कथा घराघरांत ठाऊक आहे. कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ, सवंगड्यांना जमवून रानात दगडाचा गणपती मांडून भजनात रमणारा. मुले घरी येत नाहीत म्हणून चिडलेल्या बापाने पूजा उधळली, दगड फेकून दिला आणि मुलाला झाडाला बांधून ठेवले. गणेश प्रकट झाले, आणि भक्ताच्या नावाने तिथे राहिले. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. बापाने फेकलेली मूर्ती म्हणजे मागच्या देवळातला धुंडीविनायक. आधी त्याचे दर्शन घ्यायचे अशी रीत आहे.

कथेतल्या बापाचा व्यवसाय माझ्या मते सहज आलेला नाही. बल्लाळ राजपुत्र नाही, ऋषिपुत्र नाही. तो बाजारातल्या शेटजीचा मुलगा आहे. गणेशपुराणातल्या या कथेला पालीचा बाजार माहीत आहे. ज्या गावात व्यापारी मोठा असतो त्याच गावात अशी कथा रुजते.

आजचे पूर्वाभिमुख दगडी देऊळ पेशवाईतले. जुन्या लाकडी देवळाच्या जागी ते अठराव्या शतकात उभे राहिले, आणि त्याचे श्रेय फडणीस घराण्याला दिले जाते. दगडांच्या सांध्यांत शिसे ओतले आहे. सूर्य दक्षिणायनात असताना सकाळची किरणे मूर्तीवर पडतात अशी रचना आहे. देवळात टांगलेली मोठी घंटा युरोपात ओतलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना वाटल्या गेल्या. भीमाशंकरला, नाशिकला, मेणवलीला आणि इथे पालीला. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, पोर्तुगीजांचे चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आले. ज्या बंदराने पालीची वाट घडवली, ते बंदर आणि ती वाट पुन्हा एका सत्तेच्या हाती आली.

घाटाच्या दोन्ही बाजूंचे संस्थान

राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले. त्यांच्या पंतसचिव घराण्याने पुढे भोर संस्थान सांभाळले. संस्थानाच्या तालुक्यांना गडांची नावे होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड; आणि त्यांच्या जोडीला पवनमावळ. यांतला सुधागड घाटाखाली, बाकीचे घाटावर. सुधागडावरची भोराई ही पंतसचिवांची देवी, आणि गडावरचा वाडाही त्यांचाच.

नकाशा पाहिला तर या रचनेतले शहाणपण लक्षात येते. पवनमावळचा कडा संपतो तिथे सुधागडची दरी सुरू होते. तैलबैल्याची गावे वर, ठाणाळे-धोंडसे खाली, मध्ये घाट; आणि दोन्ही बाजू एकाच राज्यात. देवदर्शन, बाजार, सोयरिकी, चराई, सगळे त्या वाटांनी चाले. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच होते. त्यात सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला, घाटावरचा मुलूख पुणे जिल्ह्यात गेला, आणि घाटमाथा ही जिल्ह्यांची हद्द ठरली. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, हद्द तीच राहिली. तेव्हापासून वरच्या गावाची कागदपत्रे पुण्याला जातात, खालच्या गावाची अलिबागला. वाट मात्र अजून वरपासून खालपर्यंत एकच आहे.

वाटा कशा ओस पडल्या

घाटवाटांचा ऱ्हास विलीनीकरणाच्या कितीतरी आधीच सुरू झाला होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे पुण्याच्या बाजूला चढली. बैलगाडीला बैलाच्या पाठीच्या कितीतरी पट माल नेता येतो, आणि आगगाडीला तर मोजदादच नाही. सवाष्णी, वाघजाई, नाणदांड या वाटांवरचे लमाणांचे तांडे थांबले. चौल बंदर त्याच्या कितीतरी आधी गाळाने आणि मुंबईच्या वाढीने मागे पडले होते. खाडी आणि घाट या दोन्ही बाजूंनी पालीचा जुना आधार सुटला. राहिले ते देऊळ, आणि देवळाने गाव जगवले. भाद्रपदाची आणि माघाची यात्रा, संकष्टी, अंगारकी, यांवर आज पालीतली कितीतरी घरे चालतात. घाटवाटा चालत्या ठेवल्या त्या डोंगरातल्या धनगर, ठाकर आणि कातकरी लोकांनी: गुरांसाठी, मधासाठी, रानभाज्यांसाठी, आजारी माणसाला खाली आणण्यासाठी.

डोंगराची दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा भूगोल पुरा होत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण लाव्हाच्या थरांचा तोच बसाल्ट खडक पाणी साठवत नाही. एप्रिल-मे आला की डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डबके शोधतात. आणि पाऊस एकदम आला की अंबा आवरत नाही. २४ जुलै १९८९ ला जांभूळपाड्यात शिरलेल्या पुराने घरेच्या घरे आणि माणसे नेली. त्या गावातल्या वडीलधाऱ्यांना ती तारीख विसरता आलेली नाही. तळिये गाव २०२१ मध्ये आणि शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली. हाच डोंगर, हाच खडक, हाच जुलै महिना. ज्या उतारावर वस्ती आहे त्या उताराची पाहणी दर पावसाळ्याआधी झाली पाहिजे, ही मागणी भावनेची नसून जीवितहानी टाळण्याची आहे.

पालीपासून तीनेक किलोमीटरवर उन्हेऱ्याची कुंडे आहेत. गंधकाचा वास येणाऱ्या या गरम पाण्यात आंघोळ केली की कातडीचे आजार आणि संधिवात बरा होतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, महाडजवळचे सव, अरवली, तुरळ, थेट राजापूरपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच्या ओळ कोकणात सह्याद्रीला समांतर गेलेली आहे. पृथ्वीच्या पोटातल्या भेगांचा तो जमिनीवर दिसणारा माग आहे.

आता काय करायचे

या सगळ्याचा विचार करताना एक गोष्ट मनाला लागते. पालीला येणाऱ्या भाविकाला ठाणाळ्याचा रस्ता दाखवणारा कोणी भेटत नाही. सुधागडवर शनिवार-रविवारी तरुणांच्या टोळ्या येतात, फोटो काढतात. पण गडाखालच्या पाच्छापुरात मोगल शाहजादा राहिला होता हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितलेले असते? निकितीनचे स्मारक चौलशेजारच्या रेवदंड्यात उभे आहे. त्याच्या वाटेवरचे पुढचे गाव पाली आहे.

लेण्यांची डागडुजी तज्ज्ञांनीच करावी. खडसांबळ्याचा कच्चा खडक हौशी हातांना सोसणार नाही. गडांचे संवर्धन शासनाचे काम आहे आणि ते शासनाकडून करून घेतले पाहिजे. एक काम मात्र पालीकरांना, तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांना आणि गिर्यारोहण संस्थांना उद्यापासून करता येईल. प्रत्येक घाटवाटेची नोंद करायची. वाट कुठून सुरू होते, वाटेत पाणी कुठे, विसाव्याचा दगड कुठला, पावसात कुठला ओढा अडवतो, वाटेवरचा देव कोण, वर कुठल्या वाडीत निघते. ही माहिती आज ठाकरवाडीतल्या, धनगरवाड्यातल्या आणि कातकरी वाड्यांतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांकडे आहे. त्यांची मुले कामाला खोपोलीला, पेणला, मुंबईला जातात आणि ती वाट चालत नाहीत. अॅबट आणि कझिन्स लेण्यांपर्यंत पोहोचले ते याच लोकांच्या बापजाद्यांचा हात धरून असणार, आणि त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत. या वेळी ती नावे नोंदली जावीत, आणि सांगणाऱ्याला त्याच्या वेळेचा मोबदला मिळावा.

वाटांची ही वही तयार झाली तर तिचा उपयोग इतिहासापुरता राहणार नाही. दरड कोसळली, रस्ता तुटला, पूर आला, तर वाडीतल्या माणसांना कुठल्या वाटेने बाहेर काढायचे हे त्याच वहीत सापडेल. दोन हजार वर्षे पालीला मोठेपण या वाटांनी दिले. त्या लिहून काढायला एक उन्हाळा पुरे आहे. येत्या होळीनंतर, रान मोकळे झाले की, कामाला लागता येईल.